दिवाळ्याचा दिवा

(वाणिज्य शाखा, द्वितीय वर्ष)

तोंडाला काळे फासून, गाढवावर उलटे बसवून गुन्हेगाराची गावातून धिंड काढण्याची जुनी शिक्षा आपण ऐकून आहोत. 'अब्रूचे धिंडवडे' हा शब्दप्रयोग त्याच धिंडीची आठवण देतो. पण अशी बेअब्रू चोराच्याच वाट्याला येई असे नाही; कर्ज फेडू न शकणाऱ्यालाही ती भोगावी लागे. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी ही बाजू अवश्य पाहावी.

प्रथम शब्द घेऊ. मराठीत 'दिवाळी' हा सण, तर 'दिवाळे' म्हणजे नादारी. कन्नडात 'दिवाळी' म्हणजेच नादारी. सणाला 'दीपावळी' म्हणतात. गुजरातीत 'देवाळुं फुंकवुं' असा वाक्प्रचार आहे. व्युत्पत्तीविषयी मतभेद आहेत. तथापि रॉबर्ट ड्रमंड यांच्या १८०८ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या गुजराती-मराठीविषयक ग्रंथात एक चाल नोंदलेली आहे. बुडालेला व्यापारी घरात वा पेढीवर मोठा दिवा लावून निघून जाई आणि हिशेब उघड होऊन घेणेकऱ्यांचे समाधान होईपर्यंत दूर राही. म्हणजे दिवा ही जाहीर नामुष्की होती, तशीच हिशेबाची सुरुवातही होती.

घेणेकऱ्याच्या हाती दुसरे साधन होते धरणे. तो ऋणकोच्या दारात उपाशी बसे, आणि सारा गाव ते पाही. देवाच्या कोपाची भीती घालण्यासाठी असे बसणे हा १८६० च्या भारतीय दंड संहितेने गुन्हा ठरविला. कलम ५०८ खाली धरण्याचेच उदाहरण दिलेले होते.

युरोपही मागे नव्हता. इटलीतील पादुआ शहरात कर्जबाजारी माणसाला अंगावरचे कपडे उतरवून, भर सभागृहात एका दगडावर तीनदा उघड्याने बसावे लागे आणि 'मी मालमत्ता सोडली' असे म्हणावे लागे. तो दगड आजही तेथे आहे. इंग्लंडात तुरुंगच होता. चार्ल्स डिकन्स यांचे वडील १८२४ मध्ये कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते. बारा वर्षांच्या चार्ल्सला कारखान्यात काम करावे लागले. तेथे १८६९ च्या कायद्याने ही कैद बहुतांशी संपली.

या शिक्षांनी कर्ज वसूल होई काय? मराठीत 'पत' म्हणजे अब्रू, आणि 'पत' म्हणजे उधार मिळण्याची योग्यताही. अब्रू घालविली की उधारी बंद. उधारी बंद झाली की धंदा बंद. मग फेड कशातून व्हावी?

सुरतेतील आमच्या बमरोली भागात यंत्रमागांची वस्ती आहे. सूत उधारीवर येते, कापड उधारीवर जाते. एखादा व्यापारी पैसे बुडवून पळाला की बाजारात 'उठमणुं' झाले असे म्हणतात. त्याच्यामुळे खालचा मागवाला अडकतो. पळणारा लबाड असतो, अडकणारा प्रामाणिक. पण चारचौघांतील शिवी दोघांनाही सारखीच. लज्जेची शिक्षा हिशेबाची वही पाहत नाही, हा तिचा मोठा दोष होय.

कायद्याने हा फरक ओळखला आहे. १९८० साली जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, केवळ फेडता आले नाही म्हणून माणसाला कैदेत टाकता येणार नाही. ऐपत असून टाळाटाळ केली असली पाहिजे. १९२० चा प्रांतिक नादारी कायदा आणि २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता यांचाही भर मालमत्ता आणि हिशेब यांवर आहे.

तरीही चावडी संपलेली नाही. ती मोबाईलमध्ये शिरली आहे. कर्ज देणाऱ्या काही ॲपांचे वसुलीवाले ऋणकोच्या नातेवाइकांना व मित्रांना संदेश पाठवून त्याची बदनामी करीत. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात जाहीर अपमान, तसेच सकाळी आठपूर्वी व सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करणे यांना मनाई केली.

घेणेकऱ्याचा पैसा बुडू नये, हे न्याय्यच आहे. त्यासाठी वही उघडावी, माणूस उघडा पाडू नये. जुन्या व्यापाऱ्याच्या दिव्याखाली हिशेब तरी होत असे. नुसत्या बदनामीत तोही होत नाही.