सोन्याचा कस कसा काढतात

सोने पिवळे असते. पितळही पिवळे असते. नुसत्या डोळ्यांवर विसंबले की माणूस फसतो. आम्हीही फसलो. जन्मभर पोरांना हिशेब शिकवले, तरी फसलो.

१९९४ साली आम्ही घरात पाटल्यांची एक जोडी केली. वजन २० ग्रॅम. सोने २२ कॅरटचे, असे दुकानदार तोंडाने म्हणाला. पावती मागायची आम्हाला भीड वाटली. पुढे घरात दुखणे आले आणि पाटल्या मोडायला काढल्या. तेव्हा दुसरा एक सराफ म्हणाला, "गुरुजी, हे तर १८ कॅरटच आहे." आमचा विश्वास बसेना. म्हणून आम्ही सोने तपासणाऱ्या केंद्रात गेलो.

आधी कॅरट म्हणजे काय ते पाहू. २४ कॅरट म्हणजे निव्वळ सोने. ते फार मऊ असते. म्हणून दागिना घडवताना त्यात तांबे, चांदी घालतात. २४ भागांत २२ भाग सोने असले की ते २२ कॅरट. म्हणजे हजारात ९१६ भाग. १८ कॅरट म्हणजे हजारात ७५०.

जुनी रीत कसोटीची. काळ्या दगडावर दागिना घासतात. शेजारी माहितीतल्या सोन्याची रेघ ओढतात. दोन्ही रेघांवर तेजाब लावतात. हिणकस रेघ लवकर फिकी पडते. पण नजर मुरलेली हवी.

केंद्रात एक यंत्र होते. ते दागिन्यावर क्ष-किरण सोडते. मग प्रत्येक धातूतून त्याचे स्वतःचे वेगळे किरण बाहेर पडतात. त्यांवरून कोणता धातू किती ते कळते. दागिन्याला ओरखडासुद्धा नाही! पण या यंत्राला वरवरचेच दिसते, बरं का. जाड मुलामा असला तर आतले कळत नाही.

खरा निवाडा भट्टीचा. पाटल्यांचे थोडे सोने खरवडून नाजूक काट्यावर तोलले. त्यात चांदी घातली, कारण चांदी पुरेशी नसली तर पुढे तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग ते शिशाच्या पातळ पत्र्यात गुंडाळले आणि एका लहानशा वाटीत ठेवून भट्टीत घातले. ही वाटी हाडांच्या राखेची किंवा तशाच शोषून घेणाऱ्या पदार्थाची असते. भट्टीची आच सुमारे १,१०० अंश सेल्सियस. तिथे शिसे हवेने जळते, तांब्यालाही बरोबर घेते, आणि वाटी ते सगळे पिऊन टाकते. मागे सोन्या-चांदीचा चकचकीत मणी उरतो. तो ठोकून पातळ करतात आणि तेजाबात उकळतात. चांदी विरघळते, सोने राहते. ते पुन्हा तोलायचे.

आमचा आकडा आला ७५०. सराफ खरे बोलला होता.

१६ जून २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर हॉलमार्कची छाप टप्प्याटप्प्याने, जिल्ह्याजिल्ह्यांत सक्तीची झाली. दागिन्यावर त्रिकोणी खूण, २२के९१६ असा कस आणि अक्षरे व आकडे मिळून सहा चिन्हांचा क्रमांक असतो. तो फार बारीक असतो. दुकानात भिंग मागून घ्या आणि वाचा. आता तुम्हाला वाचता येते.

आता पाटी घ्या. २० ग्रॅमच्या पाटल्यांत ९१६ च्या हिशेबाने सोने १८.३२ ग्रॅम हवे होते. ७५० च्या हिशेबाने ते १५ ग्रॅम भरले. आमचे किती सोने गेले, ते काढा.