रिद्धपूर : स्थाननिर्देशाचे गद्य

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे तसे लहानसे गाव. महानुभाव वाङ्मयात ते ऋद्धिपूर किंवा परमेश्वरपूर या नावांनी येते. म्हाइंभटांनी लीळाचरित्राचे संकलन येथील वाजेश्वरीच्या स्थानी केले, या परंपरेमुळे त्यास ‘मराठीची काशी’ हे बिरुद लाभले आणि २०२४ साली मराठी भाषा विद्यापीठाचे कार्यही येथे सुरू झाले. बिरुदाने गावाचा गौरव होतो; ओळख होतेच असे नाही. ती ओळख महानुभावांच्या स्थानविषयक गद्यातून होते. या गद्याकडे केवळ सांप्रदायिक उपासनेची सामग्री म्हणून पाहण्याची सवय मराठीच्या अभ्यासास हानिकारक ठरली आहे.

गावाच्या प्राचीनतेचा पुरावा म्हणून वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या, पाचव्या शतकातील, येथे सापडलेल्या ताम्रपटाचा उल्लेख होतो. परंतु ताम्रपट ही हलविता येणारी वस्तू आहे. तो जेथे सापडतो तेथील हकीकत त्यात असतेच असे नाही. रिद्धपूरच्या वस्तीचे सलग दर्शन घडते ते तेराव्या शतकातील गोविंदप्रभू ऊर्फ गुंडम राऊळ यांच्या चरित्रातून.

गोविंदप्रभूंचा जन्म जवळच्या काटसुऱ्याचा, आयुष्य मात्र रिद्धपुरात गेले. चक्रधरांच्या उत्तरापंथगमनानंतर नागदेवाचार्य, महदाइसा प्रभृती त्यांच्या सेवेस येऊन राहिले. महदाइसेचे धवळे येथलेच, गोविंदप्रभूंच्या लटक्या विवाहाच्या निमित्ताने रचलेले. पुढे म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या ‘ऋद्धिपुरलीळां’त हे वेडसर वाटणारे अवतारी पुरुष गल्लीबोळांतून हिंडतात, मुलांत खेळतात, कोणाच्याही घरी जेवतात. मातंगांच्या विनवणीवरून त्यांनी विहिरीची जागा दाखविल्याची लीळा तर गावाच्या पाणवठ्यांमागील जातिव्यवस्थाच उघड करते. पाण्याची अडचण कोणाला आणि का, हे चरित्रकार वेगळे समजावून सांगत नाही. समकालीन श्रोत्याला ते ठाऊकच होते.

चौदाव्या शतकातील ‘स्थानपोथी’त याच गावाची नोंद निराळ्या प्रकारे होते. देऊळ कोणत्या दिशेला तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगास कोणते स्थान, अवतारपुरुष कोठे बसले, जेवले, निजले, इतकेच नव्हे तर देहधर्मास कोठे गेले, हे सारे पोथीकार एकाच सुरात सांगतो. यामागे ‘संबंधा’चा सिद्धान्त आहे. ईश्वरावताराचा स्पर्श झालेली जागा नमस्करणीय. मग ती देवळाचा गाभारा असो वा परसदार. अशा जागांवर ओटे बांधले गेले. महत्त्वाची गोष्ट अशी, की या सिद्धान्तामुळे निवडीचा प्रश्नच उरला नाही. रम्य-अरम्य, उच्च-नीच असा भेद करणाऱ्या लेखणीतून जे निसटले असते, ते येथे टिकले. स्थळमाहात्म्यांत क्षेत्राची उत्पत्तिकथा आणि दर्शनाचे फळ यांना जे स्थान असते, ते येथे दिशा आणि अंतर यांना आहे.

साती ग्रंथांपैकी नारायण व्यास बहाळिये यांचे ‘ऋद्धिपुरवर्णन’ शेजारी ठेवले की हा फरक ठसठशीत होतो. काव्यात रिद्धपूर अलंकारांनी झाकले जाते, पोथीत ते पायी फिरता येते. वाङ्मयेतिहासांनी काव्याला मान दिला आणि पोथीला परिशिष्टात बसविले, ही निवड पुन्हा तपासण्याजोगी आहे.

अर्थात पोथी म्हणजे गावाचा दप्तरी नकाशा नव्हे. पीकपाणी, सारा यांची चौकशी तिच्याकडे करू नये. शिवाय तिचे दिग्दर्शन सापेक्ष आहे: ज्या देवळापासून दिशा मोजली ते पडले की ‘आग्नेयेस’ हा शब्द निराधार होतो. तेव्हा आधार उरतो तो ओट्याचा. पोथीवाचून ओटा मुका, आणि ओट्यावाचून पोथी दिशाहीन. म्हणूनच जीर्णोद्धारात ओटा सरकला किंवा दोन ओटे एका चौथऱ्याखाली गेले, तर ती एका पाठाचीच हानी समजावी लागेल.

वि. भि. कोलते यांनी स्थानपोथीचे संपादन केले आणि अॅन फेल्डहाउस यांनी गोविंदप्रभूंचे चरित्र १९८४ साली इंग्रजीत आणले. आता हस्तलिखितांतील दिशावाचक शब्दांचे पाठभेद गावातील राजमठ, वाजेश्वरी आणि इतर ओट्यांशी एकेक करून ताडून पाहण्याचे काम हाती घ्यावयास हवे. त्याचा आरंभ वस्तीबाहेरच्या, कमी पूजिल्या जाणाऱ्या स्थानांपासून करणे इष्ट; पुनर्बांधणीचा हात तेथे उशिरा पोहोचतो.