आधी तो व्हिडिओ खोटा म्हणून सांग

मंगळवेढा, रविवार

चि. सोनू,

फोनवर बोललो असतो तर ‘हो मामा, हो मामा’ म्हणत तू बोटाने स्क्रीन सरकवत राहिला असतास, म्हणून कागदावर लिहितोय. परवा अक्का सांगत होती, आजोळच्या ग्रुपवर मुलं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ तू टाकलास. वर पदरचं जोडलंस, ‘आपल्या भागात शिरलेत, पुढे पाठवा.’ तुला कुणी सांगितलं रे? पुण्यात चौथ्या मजल्यावर बसून तुला आमच्या शिवारात कोण शिरलं ते दिसलं?

खवे माहीत आहे ना? आपल्याच तालुक्यातलं. तिथली आणि मानेवाडीची डवरी गोसाव्यांची माणसं भिक्षेला फिरत धुळे जिल्ह्यात गेली होती. 1 जुलै 2018, साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडे बाजाराचा दिवस. मोबाइलवर आधीच मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती, ही माणसं अनोळखी, तेवढं पुरलं. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना जिवे मारलं. वाचवायचं सोडून काहींनी फोन धरून चित्रीकरण केलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवायची मर्यादा घातली. पण मर्यादा बोटाला घातली तरी अक्कल माणसानेच वापरायची असते.

तू लगेच म्हणशील, मी कुणाला हातही लावला नाही. राईनपाड्यात ज्याने पहिल्यांदा अफवा पाठवली असेल, तोही हेच म्हणत असेल.

आमच्या वाड्यावर हे गोसावी सुगीत यायचे. खांद्याला झोळी, हातात डवर. आई सुपातून जोंधळे घालायची आणि ते भैरवनाथाची गाणी म्हणायचे. कॉलेजात असताना माझ्या फार मनात होतं, ती सगळी उतरवून घ्यावीत. यंदा नको, पुढच्या सुगीला, असं करता करता ते म्हातारे गेले आणि गाणीही गेली. आता गल्लीत डवर वाजला तर पोरं आधी फोन काढतात. गाणं ऐकायला नव्हे, फोटो काढून ग्रुपवर टाकायला. त्या पोरांच्या फोनमध्ये आज तुझा व्हिडिओ आहे, म्हणून मला झोप नाही.

तो काढलास का? आता काढता येत नसेल तर त्याच ग्रुपवर तुझ्या नावाने लिही, ‘मी टाकलेला व्हिडिओ आपल्या भागातला नाही, खात्री न करता टाकला, पुढे पाठवू नका.’ दोन ओळी आहेत. लाज वाटेल, वाटू दे.

फार बोललो. तू वाईट नाहीस, मला ठाऊक आहे. लहान पोरांच्या काळजीनेच टाकलं असशील. पण तूही एकदा हरवला होतास, अक्काने सांगितलं असेल. आषाढीला पंढरपुरात, चार वर्षांचा होतास. वाळवंटात आम्ही वेड्यासारखे फिरत होतो. तेवढ्यात दाढी वाढलेला, मळक्या धोतरातला एक माणूस तुला खांद्यावर घेऊन ‘कुणाचं पोर, कुणाचं पोर’ ओरडत आला. तुझ्या हातात त्याने दिलेलं अर्धं केळं होतं. अक्का तुला छातीशी धरून रडत राहिली, तोवर तो गर्दीत गेलाही. नावसुद्धा विचारायचं राहिलं. आज तसं कुणी पोर खांद्यावर घेतलं, तर त्याचं काय होईल सांग.

हुरड्याला ये. मालदांडी यंदा चांगली आहे, मामी तिळाची चटणी करून ठेवते. जेवताना फोन ताटाशेजारी ठेवलास तरी रागावणार नाही, तू नुसता ये. पण त्याआधी, आज रात्रीच, ग्रुपवर त्या दोन ओळी लिही रे बाळा.

तुझा,
मामा