देव एक, मग मंडळींत तट कां?

शास्त्रपाठ : करिंथकरांस पहिलें पत्र १:१०-१३, ८:१-६, ११:१७-३४.

देव एक आहे, हें आपल्या मंडळींतील लहान मूलहि सांगतें. मूर्ति सोडून जे आले त्यांचा पहिला धडा तोच. परंतु याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय पाहिला म्हणजे कळतें कीं, इतकें तर भुतांनाहि ठाऊक आहे, आणि त्या भयानें तीं थरथरतात. तेव्हां हें सत्य तोंडीं असणें निराळें आणि त्याप्रमाणें चालणें निराळें. करिंथ येथील मंडळीचें उदाहरण याविषयीं फार बोधक आहे.

करिंथ हें दोन बंदरांमधील व्यापाराचें शहर. तेथें देवळें पुष्कळ, देवहि पुष्कळ. त्यांतून निघालेले हे विश्वासी एक देव व एक प्रभु मानीत, आणि त्या ज्ञानाचा त्यांस अभिमानहि होता. असें असून ख्लोवेच्या माणसांनीं पौलाच्या कानीं काय घातलें? कोणी स्वतःस पौलाचा म्हणवितो, कोणी अपुल्लोसाचा, कोणी केफाचा. आणि चौथा तट तर ख्रिस्ताच्याच नांवाचा! पौल व अपुल्लोस यांचें आपसांत वैर होतें असें मात्र पत्रांत कोठेंहि नाहीं. उलट, अपुल्लोसानें करिंथास जावें म्हणून पौलानेंच त्यास पुष्कळ आग्रह केला (१६:१२). भांडण होतें तें ऐकणाऱ्यांचें.

आपल्या इकडेहि असेंच घडलें. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापुराकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन, जालन्याकडे स्कॉटिश. ज्या भागांत जें मिशन आलें त्याचें नांव तेथील खेडुतास लागलें. बाप्तिस्मा ख्रिस्ताच्या नांवानें, ओळख मात्र परदेशांतील मंडळीच्या नांवानें. पुढें २९ नोव्हेंबर १९७० रोजीं नागपूर येथें सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालें. दक्षिणेंत असें ऐक्य १९४७ सालींच झालें होतें. हें मोठें काम झालें यांत शंका नाहीं. तथापि ठरावानें पंगत एक होत नाहीं.

आणि पौल सर्वांत कडक बोलतो तें पंगतीविषयींच. ज्यांच्याजवळ होतें ते आपलें जेवण अगोदर उरकून घेत व द्राक्षारसानें झिंगत. ज्यांच्याजवळ नव्हतें ते उपाशी राहत. याला पौल प्रभुभोजन म्हणावयास तयार नाहीं. भाकर एक म्हणून ती खाणारेहि एक, असें तो मागच्याच अध्यायांत शिकवून चुकला होता (१०:१७). तंजावरच्या मंडळींत उच्च म्हणविणारे निराळे बसत व प्याला अगोदर घेत. १८३३ सालीं कलकत्त्याचे बिशप डॅनिएल विल्सन यांनीं हा भेद बंद करण्यास लिहिलें, तेव्हां पुष्कळांनीं मंडळी सोडली, भेद सोडला नाहीं. महाराष्ट्रांतहि महारवाड्यांतून व मांगवाड्यांतून आलेले विश्वासी एका पंगतीस बसण्यास अडखळत, हें जुन्या उपदेशकांस चांगलें ठाऊक होतें. एकाच बापाची प्रार्थना करून उठावयाचें आणि भावाच्या तांब्यांतलें पाणी टाळावयाचें, म्हणजे बाप दोन आहेत असेंच म्हणावयाचें.

पौलानें सांगितलेला उपाय किती साधा! जेवावयास जमल्यावर एकमेकांची वाट पाहावी. ज्यास भूक अनावर असेल त्यानें घरीं खाऊन यावें. बाकीचें तो स्वतः येऊन लावून देणार होता. उपदेशकांनीं हा भाग प्रभुभोजनाच्या आदल्या रविवारीं मंडळीस वाचून दाखवावा. आणि आपल्या गांवीं मागाहून येणारे कोण, व ते मागें कां राहतात, हें सर्वांसमक्ष विचारावें.