डोंगरमाथ्यावरील जव्हार

सह्याद्रीच्या पश्चिम अंगास, सुमारे १५०० फूट उंचीच्या पठारावर जव्हार नगर वसले आहे. येथे महादेव कोळी समाजातील मुकणे घराण्याचे राज्य होते. १९४८ साली हे संस्थान भारतात विलीन झाले. १६६४ साली सुरतेकडे जाताना शिवाजी महाराज ज्या स्थळी थांबले, ते शिरपामाळ आणि वनराईतील जयविलास राजवाडा प्रवाशांना आकर्षितात. जवळच दाभोश्याचा धबधबा कोसळतो.

पावसाळ्यात येथे विपुल पाऊस पडतो. परंतु तीव्र उतारांवरून पाणी दऱ्यांत वाहून जाते. मोखाड्याजवळील मध्य वैतरणा धरण दूरच्या मुंबईची तहान भागविते. उन्हाळ्यात मात्र परिसरातील पाड्यांवरील स्त्रियांना हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढावा-उतरावा लागतो. राजवाड्याबरोबर ही पायवाटही पाहावी; तेव्हाच या भूमीची खरी ओळख पटते.