डीव्हीडी प्लेयर बंद पडला: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?



गटाच्या बैठकीत कर्जाचा अर्ज येतो तेव्हा कारणाच्या रकान्यात बऱ्याचदा "घरगुती वस्तू" एवढंच लिहिलेलं असतं. विचारलं की कळतं, मिक्सर जळला, टीव्हीवर रेघा येतात, नाहीतर डीव्हीडी प्लेयर बंद पडला. शेळीसाठी किंवा शिलाई मशीनसाठी कर्ज मागितलं तर आपण दहा प्रश्न विचारतो. घरच्या वस्तूसाठी मागितलं की कुणी काही विचारत नाही, सह्या होतात आणि पैसे जातात. म्हणून या महिन्याच्या अभ्यासाला मुद्दाम डीव्हीडी प्लेयर घेतला आहे.

तुमच्या घरातल्या मुली हसतील. "आता कोण डीव्हीडी बघतं, सगळं मोबाइलवर आहे." सिनेमे आहेत, गाणी आहेत, हे खरं. पण २००० सालानंतरची दहा-पंधरा वर्षं आठवा. आपल्याकडे जी लग्नं, हळदी, बारशी, कम्युनियन झाली त्यांचं शूटिंग फोटोवाल्याने सीडी नाहीतर डीव्हीडीवरच करून दिलं. ते मोबाइलवर शोधून मिळणार नाही. ते फक्त तुमच्या कपाटात आहे. म्हणून पहिला प्रश्न "प्लेयर किती जुना झाला" हा नाही. मला या प्लेयरवर नेमकं काय बघायचं आहे, हा आहे. नवे सिनेमे बघायचे असतील तर एक उत्तर निघतं, आणि घरच्याच बारा-पंधरा डिस्क बघायच्या असतील तर दुसरं.

आधी फुकटची तपासणी

दुकानात नेण्याआधी घरी अर्धा तास द्या. त्याला पैसा लागत नाही.

दिवाच लागत नसेल तर प्लेयरची पिन दुसऱ्या बोर्डात लावून बघा, आणि त्याच बोर्डात मोबाइलचा चार्जर लावून बघा. बिघाड बोर्डाचा आणि बोल प्लेयरला, असं होतं. रिमोट चालत नसेल तर सेल बदला आणि प्लेयरवरचं बटण दाबून बघा.

दिवा लागतो, डिस्क फिरते, पण टीव्हीवर चित्र नाही, तर वायरी बघा. पिवळी वायर चित्राची, पांढरी आणि लाल आवाजाची. पिवळी चुकून लाल भोकात गेली की चित्र गायब. घरात नुकताच नवा टीव्ही आला असेल तर आधी इकडेच संशय घ्या. बऱ्याच नव्या टीव्हींना तीन रंगांची भोकं नसतात, एकच बारीक भोक असतं आणि त्यासाठी जोडवायर वेगळी घ्यावी लागते. शिवाय टीव्हीच्या रिमोटवरून "एव्ही" निवडावं लागतं. प्लेयर ठणठणीत असताना तो भंगारात जायचं हे अगदी साधं कारण आहे.

"नो डिस्क" येत असेल किंवा चित्र अडकत असेल तर एकाच डिस्कवरून निकाल देऊ नका. तीन डिस्क लावा: एक विकत आणलेली सिनेमाची, एक गाण्यांची सीडी, एक घरच्या शूटिंगची. तिन्ही अडकल्या तर दोष प्लेयरचा. एकच अडकली तर त्या डिस्कचा. ती डिस्क मऊ सुती कापडाने मधल्या भोकाकडून कडेकडे सरळ पुसा. ताट पुसतो तसं गोल गोल फिरवून पुसू नका. माहिती गोलाकार रेषेत लिहिलेली असते, त्यामुळे गोल ओरखडा जास्त नुकसान करतो आणि आडवा ओरखडा त्यामानाने कमी.

अजून एक खूण लक्षात ठेवा. सीडी चालते आणि डीव्हीडी चालत नाही, किंवा उलट, असं झालं तर आतला लेझर दमलेला असण्याची शक्यता जास्त. डिस्क सुईने वाचली जात नाही, लेझरच्या किरणाने वाचली जाते. सीडीसाठीचा किरण वेगळा आणि डीव्हीडीसाठीचा वेगळा. सीडीचा किरण तर डोळ्यांना जवळजवळ दिसतच नाही, म्हणून झाकण उघडून चालू प्लेयरमध्ये डोकावू नका आणि मुलांनाही डोकावू देऊ नका. झाकण घरी उघडायचंच नाही, कारण पिन काढल्यावरही आत काही वेळ करंट साठलेला असतो.

आखातातून कुणी प्लेयर पाठवला असेल (वसईत अशी घरं कमी नाहीत) तर त्याचा वेगळाच घोळ असतो. डीव्हीडी कंपन्यांनी जगाचे भाग पाडलेत. भारत पाचव्या भागात, आखाती देश दुसऱ्या भागात. तिकडचा प्लेयर इकडची सिनेमाची डिस्क कधी कधी नाकारतो. तो बिघाड नाही. घरच्या लग्नाच्या डिस्कला असलं बंधन नसतं, ती चालायला हवी.

कोणता बिघाड किती मोठा

ट्रे बाहेर येत नाही, किंवा अर्धा येऊन परत जातो, तर बहुतेक वेळा आतला रबरी पट्टा सैल पडलेला असतो. शिलाई मशीनचा पट्टा सैल झाला की चाक फिरतं आणि सुई हलत नाही, तसंच. पट्टा ही अगदी स्वस्त वस्तू आहे. यासाठी नवा प्लेयर घेऊ नका.

काहीच चालू होत नसेल आणि बोर्ड-वायर ठीक असेल, तर करंट पुरवणारा आतला भाग गेलेला असतो. आपल्याकडे लाइट जाते-येते, दाब कमी-जास्त होतो, त्यात हे होतं. पुष्कळदा एखादा छोटा भाग फुगलेला असतो, तो बदलला की काम होतं. कारागिराला तो फुगलेला भाग दाखवायला सांगा, डोळ्यांना दिसतो.

लेन्सवर धूळ बसली असेल तर नुसत्या सफाईने प्लेयर चालू होतो. चुलीचा धूर, अगरबत्ती, आणि अर्नाळा-रानगावकडे खारा वारा, सगळं त्या डाळीच्या दाण्याएवढ्या लेन्सवर बसतं. रॉकेल किंवा थिनर मात्र कुणाला लावू देऊ नका. लेझरच गेला असेल तर पूर्ण हेड बदलावं लागतं, आणि तो खर्च मोठा. इथे खरा विचार करायचा.

जुन्या मॉडेलचा भाग नाक्यावर मिळाला नाही तर कारागीर मुंबईहून मागवतात, बहुतेक ग्रँट रोडजवळच्या लॅमिंग्टन रोडच्या बाजारातून. "भाग येतच नाही" असं कुणी सांगितलं तर आणखी एका ठिकाणी विचारा. आणि दुकानात तीन गोष्टी मागायला लाजू नका: कामाआधी अंदाजे खर्च, काढलेला जुना भाग, आणि पावती. पावतीवर किती दिवसांची खात्री ते लिहून घ्या. वस्तू वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सेंटरलाच न्या, बाहेर उघडली की वॉरंटी जाते. कंपनी टोलवाटोलवी करत असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, फोन फुकट आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक विभागाने "राइट टू रिपेअर" नावाचं पोर्टल सुरू केलं. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती एका जागी द्यावी, हा त्यामागचा विचार. शेतीची अवजारंही त्यात धरली आहेत, म्हणजे फवारणी पंपवाल्या ताईंनीही बघावं.

आता हिशेब

आकडे समजण्यापुरते घेतलेत, तुम्ही आपल्या नाक्यावरचे भाव विचारून भरा.

समजा नवा प्लेयर २,५०० रुपयांना. गटातून कर्ज घेतलं, महिना २ टक्के, पाच हप्ते. मुद्दल दर महिन्याला ५००. व्याज ५०, ४०, ३०, २०, १०, मिळून १५०. म्हणजे प्लेयर पडला २,६५० ला. व्याज आपल्याच गटात राहतं हे बरोबर, पण पहिल्या महिन्याला ५५० रुपये त्या ताईच्याच पदरातून जातात.

दुरुस्ती समजा ६०० रुपये, आणि प्लेयर वर्षभर चालला. महिन्याला ५० पडले. नवा चार वर्षं चालला तर ४८ महिन्यांत २,६५०, म्हणजे महिन्याला साधारण ५५. दोन्ही जवळपास सारखं! फरक एवढाच की ६०० साठी बहुधा कर्ज लागत नाही.

लोक एक ठोकताळा सांगतात, दुरुस्ती नव्याच्या निम्म्या किमतीपेक्षा जास्त सांगितली तर नवं घ्या. मिक्सर-पंख्याला तो चालतो. प्लेयरला मला तो अपुरा वाटतो, कारण त्यात तिसरा रस्ता धरलेलाच नाही: डिस्कवरचं शूटिंग पेन ड्राइव्हवर उतरवून घेणं. समजा बारा डिस्क आहेत आणि उतरवणारा एका डिस्कचे १०० घेतो. १,२०० रुपये एकदाच गेले. टीव्हीला पेन ड्राइव्हचं भोक असेल तर प्लेयरची गरजच संपली.

आणि हा तिसरा रस्ता फार दिवस उघडा राहत नाही. सिनेमाची डिस्क कारखान्यात साच्यातून निघते. फोटोवाल्याने दिलेली डिस्क मात्र एका रंगाच्या थरावर लेझरने लिहिलेली असते, आणि ऊन, उष्णता, ओल यांनी तो रंग उडतो. पत्र्याच्या घरात, कपाटाच्या वर ठेवलेल्या डिस्कचे हाल तुम्हीच ओळखा. वरून स्टिकर चिकटवलं, बॉलपेनने नाव कोरलं, तर आणखी लवकर.

पारोळ भागातल्या एका गटात हाच अर्ज आला होता. ताईंनी ३,००० मागितले, नव्या प्लेयरसाठी. कारागीर म्हणाला होता, लेझर गेला, टाकून द्या. गटातल्या एका आजींनी विचारलं, "बघायचं काय आहे तुला त्याच्यावर?" तेव्हा ताई बोलल्या. मोठ्या मुलीच्या हळदीची डिस्क. नवरा त्यात नाचलाय, माइकवर सगळ्यांना जेवायला बोलावतोय. तो आता नाही, आणि त्याचा आवाज दुसऱ्या कशावरच नाही. धाकटीला तो नीट आठवतही नाही.

बैठकीत ठरलं की आधी डिस्क उतरवायच्या, प्लेयरचं नंतर बघू. एकीच्या भाच्याकडे डिस्क वाचणारा जुना कॉम्प्युटर होता. अकरा डिस्क होत्या, त्यातल्या नऊ पूर्ण उतरल्या. एक वाचलीच गेली नाही. हळदीची उतरली, पण शेवटची वीस मिनिटं आली नाहीत, तिथला थर उडून गेला होता. नाच आहे. जेवायला बोलावतो ते आहे. ताईंनी अर्ज मागे घेतला आणि पेन ड्राइव्हचे पैसे स्वतःच्या बचतीतून दिले. प्लेयर अजून घरात आहे, गाण्याच्या सीडी लागतात त्याच्यावर.

उतरवायला देताना दुकानदाराला सांगा, "टीव्हीवर चालेल अशी फाइल करून द्या", आणि पैसे देण्याआधी तिथेच लावून बघा. मूळ डिस्क परत घ्या. पेन ड्राइव्हही कायमचा नसतो, तोही बिघडतो, हरवतो. म्हणून दोन प्रती करा आणि दुसरी वेगळ्या घरी ठेवा, लेकीकडे किंवा भावाकडे. वेगळं घर का, ते जुलै २०१८ चं पाणी बघितलेल्यांना सांगायला नको.

पाण्यावरून आठवलं. प्लेयर किंवा कुठलीही विजेची वस्तू पुरात भिजली तर "चालते का" बघायला पिन लावू नका. वरून कोरडी दिसली तरी आत ओल असते. कारागिराकडून उघडून, धुऊन, वाळवून घ्या. मिठागरांकडचं खारं पाणी शिरलं असेल तर आतलं तांबं हिरवं पडत जातं, मग दुरुस्तीवर फार पैसे घालू नका. भिजलेल्या डिस्क मात्र फेकू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवल्या तर पुष्कळदा चालतात.

टाकायचाच ठरला तर आधी ट्रेमध्ये डिस्क अडकली नाही ना, ते बघा. (हसू नका. ट्रे अडकलेल्या प्लेयरमध्ये शेवटी लावलेली डिस्क आतच असते.) पाड्यावर वायरी जाळून तांबं काढतात, तसं करू देऊ नका, तो धूर पोरांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. असा माल नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा. एकेकीने एक प्लेयर घेऊन कुठे जायचं, हा प्रश्न बरोबर आहे, म्हणून गावातल्या दोन-तीन गटांनी मिळून एका जागी जमवा आणि मला कळवा.

येत्या मासिक बैठकीला प्रत्येकीने घरातल्या डिस्क मोजून यायचं आहे. किती आहेत, कशाच्या आहेत, कोणत्या लागतात आणि कोणत्या अडकतात, एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहा. ज्यांच्याकडे चालू प्लेयर आहे त्यांनी हात वर करा, शेजारणीच्या तीन डिस्क तुमच्याकडे तपासायला येतील. सचिव ताईंनी गटाचा आकडा एकत्र करून द्यावा. पंचवीस-तीस घरांच्या डिस्क एकदम दिल्या तर उतरवणारा भाव किती कमी करतो, ते मी नालासोपारा आणि विरारच्या दोन-तीन दुकानांत विचारून येते.