पडलेली झाडे काय सांगतात?



वळवाच्या दिवसांत आपल्या भागात सोसाट्याचा वारा सुटतो, घरांवरचे पत्रे उडतात, लिंबाची आणि चिंचेची जुनी झाडे आडवी होतात. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणतो, "काल चक्रीवादळ झाले." पण प्रत्येक वादळ चक्रीवादळ नसते. कोणते वादळ येऊन गेले, हे पडलेल्या झाडांवरून पुष्कळदा ओळखता येते. ते कसे, हे या पाठात पाहू.

प्रथम नावे समजून घेऊ. चक्रीवादळ समुद्रावर तयार होते आणि त्याचा विस्तार शेकडो किलोमीटर असतो. ३ जून २०२० रोजी रायगड किनाऱ्यावर आलेले 'निसर्ग' हे असे वादळ होते. त्यात श्रीवर्धन, दिवेआगर परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा झोपल्या. उन्हात तापलेल्या जमिनीवरून उठते ती धुळीची वावटळ. टोर्नेडो याहून निराळा. गडगडाटी ढगापासून जमिनीपर्यंत पोचलेला, अतिशय वेगाने फिरणारा हवेचा खांब म्हणजे टोर्नेडो. कन्नडमध्ये सुंटरगाळी आणि हिंदीत बवंडर हे शब्द त्यासाठी वापरतात. असाच खांब पाण्यावर उतरला की पाणी वर ओढल्यासारखे दिसते. जून २०१८ मध्ये जेजुरीजवळच्या नाझरे धरणावर लोकांनी असे दृश्य पाहिले होते.

आणखी एक प्रकार आहे. कधी कधी ढगातील थंड, जड हवा एकदम खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. हा वारा फिरत नाही, पण झाडे मात्र तितक्याच सहज पाडतो.

आता खुणा पाहा. टोर्नेडोची वाट बहुधा अरुंद आणि लांब असते. वाटेतले घर मोडते आणि थोड्या अंतरावरचे घर शाबूत राहते. झाडे वाटेच्या मध्याकडे वळलेली किंवा एकमेकांवर आडवीतिडवी पडलेली दिसतात. आपल्या गोलार्धात टोर्नेडो बहुधा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. त्यामुळे त्याच्या पुढे जाण्याच्या दिशेच्या उजव्या हाताला फिरण्याचा वेग आणि पुढे जाण्याचा वेग यांची बेरीज होते, आणि नुकसान तिकडे अधिक होते. कोसळलेल्या वाऱ्यात मात्र झाडे उघडलेल्या पंख्याप्रमाणे बाहेरच्या बाजूला पडतात. ताटात थोडे पीठ पसरा आणि नळीने बरोबर वरून फुंकर मारा, म्हणजे ही आकृती घरीच दिसेल.

ही विद्या जपानी शास्त्रज्ञ फुजिता यांनी वाढवली. १९४५ मध्ये नागासाकीत अणुबाँबनंतर पडलेल्या झाडांच्या दिशा त्यांनी पाहिल्या होत्या. पुढे १९७४ मध्ये अमेरिकेत विमानातून पाहणी करताना तशीच आकृती दिसली, आणि कोसळणाऱ्या वाऱ्याची कल्पना त्यांना सुचली. नुकसानीवरून टोर्नेडोची तीव्रता ठरवण्याची त्यांची मोजपट्टी १९७१ सालची आहे.

उदाहरण फार लांबचे नको. शेजारच्या तेलंगणात मुलुगु जिल्ह्यात, मेडारमच्या जत्रेकडे जाणाऱ्या ताडवाईच्या जंगलात, ३१ ऑगस्ट २०२४ रोजी सुमारे दोनशे हेक्टरांवरील हजारो झाडे थोड्या वेळात कोसळली. तो टोर्नेडो होता की कोसळलेला वारा, यावर बरीच चर्चा झाली. असे वादळ लहान आणि अल्पजीवी असते. रडारवर ते नेहमीच स्पष्ट दिसते असे नाही. म्हणून जमिनीवरचा पुरावा मोलाचा ठरतो. शिवाय माती ओली असेल तर झाड मुळासकट उपटते, माती घट्ट असेल तर खोड मोडते. म्हणजे झाड वाऱ्याबरोबर मातीचीही माहिती देते.

पण आपल्याकडे झाड पडले की कुऱ्हाड लगेच येते. जळण हवे, रस्ता मोकळा हवा, हे बरोबरच आहे. अडकलेल्या माणसाला सोडवणे आणि रस्ता मोकळा करणे हे पहिले काम. त्यानंतर तोडणीपूर्वी पाच मिनिटे काढून चार गोष्टी वहीत लिहा: झाड कोणते, ते कुठे पडले, बुंध्यापासून शेंडा कोणत्या दिशेला, आणि ते उपटले की मोडले. मोठ्यांनी दुरून छायाचित्र घ्यावे. पंचनाम्याच्या वेळीही ही नोंद उपयोगी पडेल. तार तुटली असेल तर वीज बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणीही जवळ जाऊ नये.

वादळ सुरू असताना झाडाखाली किंवा पत्र्याच्या शेडखाली उभे राहू नका. पक्क्या इमारतीच्या आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर, खाली बसा आणि डोके हातांनी झाका.

पालकांना आणि विश्वस्त मंडळींना विनंती, की वळीव येण्यापूर्वी शाळेचे व घराचे सैल पत्रे आवळून घ्यावेत आणि वाळलेल्या फांद्या उतरवाव्यात. भीतीपोटी हिरवे झाड मात्र तोडू नये. त्याची सावली वर्षभर हवी आहे, आणि वादळ काही घटकांचेच असते.